गुलाबांच्या युद्धांचे सैन्य टेबलावर उभे करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनिएचर सैन्याच्या नादी नुकत्याच लागलेल्या मंडळींचे हे नेहमीचे प्रश्न आहेत. उत्तरे 28 मिलिमीटर उंचीच्या फिगर आणि पंधराव्या शतकातले इंग्लंड धरून दिली आहेत.

मध्ययुगाच्या अखेरचे सैन्य करायचे आहे. सुरुवात कुठून करू?

गुलाबांच्या युद्धांपासून. यॉर्क आणि लँकेस्टर या एकाच राजघराण्याच्या दोन शाखा 1455 ते 1487 या काळात इंग्लंडच्या गादीसाठी भांडत राहिल्या. शुद्ध भाऊबंदकी. त्यामुळे दोन्हीकडची शस्त्रे, चिलखते, लढायची पद्धत सगळे एकच. फरक फक्त अंगावरच्या कोटाच्या रंगात आणि त्यावरच्या बिल्ल्यात. म्हणजे एकाच बॉक्समधून दोन्ही बाजू उभ्या राहतात आणि खेळायला जोडीदार मिळाला नाही, तर दोन्ही सैन्ये तुमच्याच कपाटातून निघतात. 1415 च्या अझँकूरच्या लढाईचेही आकर्षण अनेकांना असते, पण तिथे फ्रेंच सैन्य वेगळे करावे लागते आणि कामही दुप्पट होते.

28 मिमी, 15 मिमी, 6 मिमी यातले काय घ्यावे?

रंगवण्यात रस असेल तर 28. हजारोंची लढाई एका नजरेत दिसावी अशी हौस असेल तर 6. पंधरात दोन्ही थोडे थोडे मिळते, आणि मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर मावायचे असेल तर तो पर्याय शहाणपणाचा आहे. पण एक माप ठरवा आणि मग हलू नका.

प्लास्टिक घ्यावे की धातू?

पायदळ प्लास्टिकचे आणि सरदार धातूचे घ्यावेत. या काळाच्या प्लास्टिक फिगर म्हटल्या की पेरी मिनिएचर्सचे नाव पहिले येते. मायकेल आणि ॲलन पेरी हे जुळे भाऊ स्वतः चिलखत घालून ऐतिहासिक लढायांच्या प्रयोगांत उतरणारे. अशाच एका प्रयोगात तोफेच्या अपघाताने मायकेल यांचा उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने घडवायला शिकून काम चालू ठेवले. त्यांच्या गुलाबांच्या युद्धांच्या बॉक्समध्ये चाळीस पायदळी शिपाई येतात, तिरंदाज आणि बिलवाले (बिल नावाचे लांब दांड्याचे शस्त्र घेतलेले) मिळून. डोकी आणि हात गरजेपेक्षा जास्त असतात. ते टाकू नका, पुढच्या प्रत्येक सैन्यात कामाला येतात.

परदेशातून मागवताना टपाल आणि सीमाशुल्क जिव्हारी लागते. चार-पाच जणांनी मिळून एकच ऑर्डर द्यावी.

चिकटवायला फेविक्विक चालेल का?

धातूला आणि रेझिनला चालेल. कडक प्लास्टिकला मात्र प्लास्टिक सिमेंटच वापरा. ते दोन्ही पृष्ठभाग थोडे विरघळवून एकजीव करते, त्यामुळे सांधा खाली पडला तरी सुटत नाही. फेविक्विकचा सांधा धक्क्याने सुटतो, आणि त्याच्या वाफेने जवळच्या भागावर पांढरी भुकटीही धरते.

जोडताना सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो?

दोन हातांनी धरलेल्या शस्त्रांत. बिल हे शेतातल्या कुंपणछाटणीच्या कोयत्यातून आलेले शस्त्र. लांब दांडा, पुढे आकडी, वर टोक. बऱ्याच वेळा शस्त्र एका हातासोबत ओतलेले असते आणि दुसऱ्या हाताची मूठ दांड्यावर बसवावी लागते. आधी गोंद न लावता दोन्ही हात धरून बघा. मग शस्त्राचा हात सिमेंटने खांद्याला लावा आणि तो ओला असतानाच दुसरा हात बसवा, म्हणजे दोन्ही हलवून जुळवता येतात. पहिला हात वाळू दिला की दुसऱ्याची मूठ दांड्याच्या एक मिलिमीटर खाली हवेत राहते आणि ते शेवटपर्यंत डोळ्यात खुपते.

साच्याची रेघ कटरच्या पात्याच्या पाठीने खरवडून काढा. शिरस्त्राणाच्या मधोमध जाणारी रेघ राहिली तर वॉश, म्हणजे खोबणीत उतरणारा पातळ रंग, नेमका तिच्यातच साचतो आणि ती दुप्पट दिसते. मांडीच्या आतल्या बाजूची रेघ मात्र मी सोडून देतो. तिथे कोण बघतो?

डोके सगळ्यात शेवटी लावा आणि थोडे वळवून लावा. सगळे नाकासमोर बघत असले की गट निर्जीव वाटतो. तिरंदाजांत दोघे-तिघे वर आभाळाकडे बघणारे हवेतच.

तिरंदाज किती आणि बिलवाले किती?

फ्रान्समध्ये लढणाऱ्या इंग्रज फौजांत तिरंदाज बहुसंख्य असत. 1475 मध्ये यॉर्क घराण्याचा राजा चौथा एडवर्ड याने फ्रान्सला नेलेल्या फौजेत तर चिलखती शिपायांपेक्षा ते कित्येक पटींनी जास्त होते. घरच्या युद्धांत प्रमाण इतके एकतर्फी नसावे. टेबलावर मी निम्मे-निम्मे करतो आणि पुढे मूठभर पूर्ण चिलखती योद्धे ठेवतो. इंग्रज सरदार बहुतेक वेळा घोड्यावरून उतरून पायीच लढत, तेव्हा घोडदळाचा बॉक्स घाईने घेऊ नका.

गावातून गोळा झालेले लोकही असू द्या. डॉर्सेटमधल्या ब्रिडपोर्ट गावाची 1457 ची हत्यारांची मोजदाद आजही उपलब्ध आहे. तिच्यात कुणाकडे सॅलेट म्हणजे शिरस्त्राण आहे पण धनुष्य नाही, कुणाकडे धनुष्य आहे पण बाण अपुरे, आणि काहींकडे काहीच नाही. जास्तीच्या डोक्यांतली साधी टोपीवाली डोकी इथे वापरा.

पावसाळ्यात प्राइमर मारता येतो का?

प्राइमर म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर. स्प्रे कॅनने नाही. हवेत ओल असली की रंग पृष्ठभागावर पोचेपर्यंत धुरकट, भुरभुरीत होतो आणि बारीक काम सगळे त्याखाली जाते. वार्निशचेही तसेच, उलट अधिक वाईट, कारण तोवर फिगर रंगवून झालेली असते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्राइमर वापरा, किंवा ते चार महिने जोडणीला द्या. उन्हाळ्यात उलटी अडचण: भर दुपारी गच्चीवर स्प्रे मारला तर रंग हवेतच वाळतो. सकाळी मारावा.

शाळेतले पोस्टर कलर वापरू नका. बोट लागले तरी निघतात.

अशा सैन्याला गणवेश असतो का? की प्रत्येक जण वेगळा रंगवायचा?

सगळा खेळ या प्रश्नाच्या उत्तरावर आहे. राष्ट्रीय गणवेश नव्हता, पण मनमानीही नव्हती. प्रत्येक सरदार आपल्या माणसांना आपल्या रंगांचा कोट आणि आपला बिल्ला देई, त्याला लिव्हरी म्हणत. कोट सरदाराचा, बाकीचे कपडे ज्याचे त्याचे. म्हणून नियम सोपा: एका गटाचे कोट एकसारखे आणि कोटाच्या वरखाली एकही गोष्ट एकसारखी नाही. नवखे लोक नेमके उलटे करतात. कोट वेगवेगळे आणि पायजमे, टोप्या, बूट सगळे तपकिरी. मग तीन फुटांवरून सैन्य चिखलाच्या ढिगासारखे दिसते.

काही जोड्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. यॉर्क राजांचा कोट तुतीसारखा जांभळट-लाल आणि निळा, अर्धा-अर्धा. वॉरिकच्या अर्लची माणसे लाल कोटांत, छातीवर आणि पाठीवर पांढरी खडबडीत काठी. 1458 मध्ये तो अशा सहाशे माणसांसह लंडनमध्ये आल्याची नोंद आहे. बकिंगहॅमच्या ड्यूककडे काळा आणि लाल, बिल्ला गाठीचा. स्टॅन्लेंकडे पिंगट आणि हिरवा. 1461 मध्ये सेंट अल्बन्सच्या दुसऱ्या लढाईत लँकेस्टरच्या राजपुत्राच्या माणसांनी किरमिजी-काळा पट्टा आणि शहामृगाचे पीस लावले होते. हेन्री ट्यूडरचे पांढरा आणि हिरवा. आणि लाल गुलाब? तो या युद्धांत क्वचितच होता, त्याचा गाजावाजा ट्यूडरने गादीवर बसल्यावर केला. लँकेस्टरच्या प्रत्येक छातीवर लाल गुलाब काढायचे कष्ट वाचले म्हणा.

दुरंगी कोट सुबक कसा रंगवायचा?

आधी फिकट रंग पूर्ण कोटाला द्या, मग गडद रंगाने अर्धा भाग झाका. गडद रंग सीमेवर सहज बसतो. फिकट रंगाने गडद झाकायला गेलात तर तीन हात द्यावे लागतात. सीमा छातीच्या मधोमध, बटणांच्या किंवा नाड्यांच्या रांगेवर घ्या. हात थरथरला तर तिथे एक बारीक गडद रेघ ओढली की ती शिवण दिसते.

एकरंगी लाल कोटाचा माझा क्रम असा. मध्यम लाल, त्यावर पातळ तपकिरी वॉश, तो पूर्ण वाळल्यावर पुन्हा तोच मध्यम लाल, पण घडीच्या खोबणी सोडून. शेवटी खांद्यावर आणि कमरेच्या पट्ट्यावर जिथे कापड फुगते तिथे थोडा नारिंगी मिसळलेला लाल. बस. लालात पांढरा मिसळू नका, गुलाबी होतो. पांढऱ्या कोटाची सुरुवात फिकट राखाडीने करा आणि शुद्ध पांढरा फक्त वरच्या कडांना ठेवा.

बिल्ले इतके बारीक कसे काढायचे?

वॉरिकची काठी सगळ्यात सोपी. तिरका पांढरा फटकारा आणि त्याला दोन्ही बाजूंना आलटूनपालटून तीन-चार ठिपके, छाटलेल्या फांद्यांचे. यॉर्कचा सूर्य म्हणजे पिवळा ठिपका आणि भोवती आखूड किरणे. तिसऱ्या रिचर्डचा रानडुक्कर हाताने काढण्यापेक्षा तयार ट्रान्सफर, म्हणजे चिकटवायचे छापील चित्र, लावलेले बरे. खुद्द रिचर्डने 1483 मध्ये यॉर्क शहरातल्या समारंभासाठी असे तेरा हजार कापडी डुक्कर मागवले होते, तेव्हा छाप्याची लाज बाळगायचे कारण नाही.

बाकीच्या कपड्यांना कोणते रंग द्यावेत?

त्या काळी रंग वनस्पतींतून येत. लाल मंजिष्ठेतून, पिवळा वेल्ड नावाच्या रोपातून, निळा वोडमधून. वोडमधला रंगद्रव्याचा घटक आपल्या नीळीतलाच. पिवळ्यावर निळ्याची बुडवणी दिली की हिरवा. म्हणून विटकरी लाल, मोहरी पिवळा, धुतलेला निळा, शेवाळी हिरवा हे सगळे योग्य. गरिबांच्या अंगावर न रंगवलेली लोकर, म्हणजे मळकट पांढरा, राखाडी, मेंढीचा तपकिरी. निऑन आणि गडद जांभळा सोडून द्या. खरा गडद काळाही महाग असे, तो श्रीमंतांना ठेवा. पायमोजे दोन पायांना दोन रंगांचे असायचे, पण ती छानछोकी सरदाराच्या खास माणसांना शोभते, नांगर सोडून आलेल्याला नाही.

तिरंदाजांच्या अंगात बहुधा जॅक असे, म्हणजे लिनन कापडाचे अनेक थर गोधडीसारखे एकत्र शिवलेला जाड कोट. फिगरवर त्याचे चौकोन उठून दिसतात. मळका क्रीम रंग, तपकिरी वॉश आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर फिकट ठिपका. हा भाग वॉश स्वतःच रंगवतो.

चिलखत चमकते ठेवावे की मळके?

पूर्ण चिलखत चकचकीत. ते महाग असे आणि नोकर ते घासून ठेवत. गडद पोलादी रंग, त्यावर काळा-निळसर वॉश, मग कडांना चांदी. गंज फक्त साखळीच्या जाळीला आणि गावकऱ्यांच्या जुन्या टोपांना द्या. चिखल गुडघ्याच्या खाली ठेवा, सरदार नुकताच लढाईला उभा राहिलाय, चार दिवस खंदकात पडलेला नाही.

ब्रिगंडाइनकडे लक्ष द्या. हे आतून लोखंडी पट्ट्या आणि वरून कापड असलेले कवच. बाहेर फक्त खिळ्यांची टोके दिसतात, बहुधा तीन-तीनच्या त्रिकोणात. कापड लाल किंवा निळे करा आणि टोकांना सुईच्या अग्राने पितळी रंग टेकवा. एका गटात असे दोन शिपाई असले की नजर तिथेच थांबते.

धनुष्य कोणत्या रंगाचे?

बहुतेक जण एकच तपकिरी देतात. धनुष्य यू झाडाच्या लाकडाचे असे आणि त्यात दोन रंग असतात. शत्रूकडची बाजू बाहेरच्या लाकडाची, फिकट पिवळसर. तिरंदाजाकडची बाजू गाभ्याची, नारिंगी तपकिरी. दोन फटकाऱ्यांचे काम, आणि कुणी विचारले तर सांगायला गोष्ट मिळते. धनुष्य लांब वाटते म्हणून कापू नका. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोझ जहाजातून निघालेली धनुष्ये सुमारे दोन मीटरची आहेत.

डोळे काढावेत का?

नाही. चेहऱ्याला त्वचेचा रंग, तांबूस तपकिरी वॉश, मग नाक, गालाची हाडे, हनुवटी आणि खालचा ओठ यांवर फिकट त्वचेचा रंग. डोळ्यांच्या खाचेत वॉश साचतो आणि माणूस बघतोय असेच वाटते. 28 मिमीला पांढरा ठिपका दिला की शिपाई दचकल्यासारखा दिसतो. अपवाद तुमच्या सेनापतीचा, त्याच्यावर हवा तेवढा वेळ घालवा.

घोडे?

निम्मे कुमैत (तपकिरी अंग, काळी आयाळ), काही सुरंग (तांबूस), एखादा काळा. सब्जा म्हणजे राखाडी-पांढरा सरदाराला द्या. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला, एखादाच. सगळ्यांना पांढरे मोजे दिले तर घोडदळ सर्कशीतले वाटते.

निशाणे तयार छापलेली घ्यावीत की हाताने काढावीत?

छापलेली घ्या. पण छापून आणलेला कागद तसाच चिकटवू नका. कडा पांढऱ्या राहतात, त्या त्याच रंगाने रंगवा. चिकटवायला पाणी मिसळलेले फेव्हिकॉल, आणि ते ओले असतानाच कागदाला पेन्सिलभोवती वळवून लाटा द्या. वाळले की लाटा कायम राहतात. काठी प्लास्टिकची वाकते, तिच्या जागी एक मिलिमीटरची पोलादी तार घाला.

दोन प्रकार ओळखायला शिका. चौकोनी बॅनरवर सरदाराचे पूर्ण कुलचिन्ह असते. लांब, निमुळत्या, टोकाला दुभंगलेल्या निशाणावर काठीजवळ सेंट जॉर्जचा लाल क्रॉस, पुढे त्याच्या लिव्हरीचे रंग आणि बिल्ले विखुरलेले. लढाईत माणसे या लांब निशाणाखाली जमत. टेबलावरही ते जास्त दिसते, तेव्हा प्रत्येक गटाला एक हवेच.

निशाणांचा गोंधळ किती महाग पडतो ते बार्नेटच्या लढाईत दिसले, 14 एप्रिल 1471, ईस्टरचा रविवार आणि दाट धुके. लँकेस्टरकडून लढणाऱ्या ऑक्सफर्डच्या अर्लची माणसे शत्रूचा पाठलाग करून परतली. त्यांच्या बिल्ल्यावरचा किरणांचा तारा एका इतिवृत्तकाराच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्याच बाजूच्या लोकांना एडवर्डचा सूर्य वाटला आणि त्यांनी आपल्याच माणसांवर बाण सोडले. वॉरिक त्याच दिवशी मारला गेला. ही लढाई खेळणार असाल तर दोन्ही बिल्ले मुद्दाम मिळतेजुळते रंगवा.

बेससाठी, म्हणजे फिगरच्या पायाखालच्या चकतीसाठी, काय वापरू?

घराजवळ मिळेल ते. बारीक वाळू, फेव्हिकॉल, त्यावर गडद तपकिरी आणि वर फिकट ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचे हलके फटकारे. गवतासाठी दिवाळीच्या किल्ल्यावर पसरतो तो रंगवलेला भुसा चालतो, फक्त बाजारातला पोपटी न घेता घरी शेवाळी रंगवून घ्या. झोपडीच्या छपराला काथ्या उत्तम. किल्ल्यावरचे मातीचे मावळे मात्र या सैन्यात घालू नका, मापाचा आणि काळाचा दोन्हीचा घोळ.

टाउटनची लढाई करायची असेल तर बर्फ हवाच. 29 मार्च 1461, पाम संडे, समोरून हिमवर्षाव. यॉर्ककडच्या तिरंदाजांच्या पाठीशी वारा होता आणि लँकेस्टरचे बाण अलीकडेच पडत राहिले. यॉर्कवाल्यांनी तेच उपटून परत मारले. म्हणून यॉर्कच्या तिरंदाजांच्या बेसवर समोर रुतलेले चार बाण लावा. झाडूचे बारीक हीर कापून टोकाला पांढरा ठिपका दिला की झाले. बर्फासाठी बेकिंग सोडा वापरू नका, आपल्या दमट हवेत पिवळा पडतो. तयार बर्फपूड घ्या.

त्याच काळातले आपल्याकडचे सैन्य करता येईल का?

येईल, आणि मला ते फार करावेसे वाटते. वॉरिक बार्नेटला पडला त्या सुमारास दख्खनेत बहमनी सत्ता होती, महमूद गवान वजीर होता. रशियन व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरून जुन्नरला आला, पावसाळा तिथेच काढून बिदरला गेला. त्याच्या टिपणांत चिलखत घातलेले हत्ती आहेत, पाठीवर हत्यारबंद माणसे आहेत. पण या सैन्याचा प्लास्टिकचा तयार बॉक्स नाही. 15 मिमीमध्ये मध्ययुगीन भारतीय धातूच्या फिगर मिळतात. 28 मध्ये पर्शियन आणि तुर्की फिगरच्या डोक्या-हातांची अदलाबदल करावी लागते. हत्तीपासून सुरुवात करू नका, तो शेवटी करा.

रंगवलेली फिगर बिघडली तर रंग काढता येतो का?

येतो. प्लास्टिकसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासा, खिडक्या उघड्या ठेवून. थिनर किंवा ॲसिटोन लावू नका, प्लास्टिक विरघळते. धातूच्या फिगरला ॲसिटोन चालते, पण प्लास्टिकचा बेस आणि ढाल आधी काढून ठेवा.